बदलत्या संस्थेचे चित्र

मोठ्या संस्थेचे कामकाज, ते चालवणाऱ्या संगणकप्रणाली आणि त्या प्रणालींना आधार देणारी यंत्रसामग्री यांचे परस्परसंबंध एकत्रित मांडण्याच्या शास्त्राला एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये या मांडणीची एक चौकट प्रसिद्ध केली, आणि पुढे नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या 'आर्किमेट' या चित्रभाषेला 'द ओपन ग्रुप'ने २००९ मध्ये मानकाचा दर्जा दिला. या भाषेच्या रूढ संकेतानुसार कामकाजाचे घटक पिवळ्या, संगणकप्रणाली निळ्या आणि यंत्रसामग्री हिरव्या रंगात दाखवतात. संस्था आज कशी आहे हे अशा प्रारूपातून नीट कळते. ती कशी बदलत आहे हे दाखवणे मात्र कितीतरी अवघड आहे.

प्रोग्रामच्या दोन आवृत्त्यांतील फरक ओळीगणिक शोधणारी 'डिफ' ही आज्ञा युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून आहे, परंतु प्रारूप हे ओळींचे नसून घटकांचे आणि त्यांना जोडणाऱ्या संबंधांचे जाळे असल्याने तेथे ती अपुरी पडते. एखादी चौकट पडद्यावर किंचित सरकवली तरी फाइल बदलते, पण अर्थ तोच राहतो. उलट एका बाणाचे टोक एका प्रणालीवरून दुसरीवर नेले, तर डोळ्यांना जेमतेम जाणवणारा तो फरक एखाद्या विभागाचे सारे काम अडवू शकतो. म्हणूनच प्रत्येक घटकाला कायमचा ओळखक्रमांक दिला जातो, ज्यामुळे नाव किंवा जागा बदलूनही घटक तोच असल्याचे संगणकाला कळते.

सापडलेला फरक दाखवताना नव्यासाठी हिरवा व वगळलेल्यासाठी लाल ही सवयीची योजना येथे घातक ठरते, कारण हिरवा रंग यंत्रसामग्रीने आधीच घेतलेला असतो. त्यापेक्षा जाड किंवा तुटक कडा बऱ्या. रंगांहूनही महत्त्वाची आहे ती जागा. आकृतीची मांडणी बदलली की वाचकाच्या मनात ठसलेला तिचा नकाशा मोडतो, हा मुद्दा काझुओ मिसुए, पीटर ईड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सविस्तर मांडला, आणि न बदललेले घटक जागचे हलू न देणे हाच त्यावरील खरा उपाय आहे.

तरीही 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन चित्रांत बदल मावत नाही. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, पण त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालू होते. म्हणजे कायद्याने एक झालेल्या संस्थेला जुन्या ओळखी जवळपास दोन वर्षे सांभाळाव्या लागल्या. अशा मधल्या स्थिर टप्प्यासाठी आर्किमेटच्या २०१२ च्या आवृत्तीत 'प्लॅटो' ही संज्ञा आली, आणि दोन टप्प्यांमधील तफावत हाही प्रारूपाचा स्वतंत्र घटक ठरला. ग्राहकांची गैरसोय होते ती याच मधल्या काळात, त्यामुळे केवळ आरंभ आणि शेवट दाखवणारा आराखडा मंजुरीसाठी अपुराच मानला पाहिजे.