वृद्ध रुग्णाची संमती : कायदा, रुग्णालय आणि संगणकप्रणाली

प्रस्तावना

आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्रात संमती ही संकल्पना केंद्रस्थानी आहे. उपचार करण्यापूर्वी रुग्णाला त्याचे स्वरूप, धोके व पर्याय समजावून सांगणे आणि मग त्याचा होकार घेणे, एवढाच तिचा साधा अर्थ. आपल्याकडे मात्र रुग्ण सत्तरीच्या पुढचा असला की हा क्रम सहज बदलतो. निदान मुलाला सांगितले जाते, खर्चाचा अंदाज जावयाला दिला जातो, संमतिपत्रावर सही नातेवाइकाची होते. ज्याच्या पोटावर शस्त्रक्रिया व्हायची तो खाटेवर पडून ‘डॉक्टर काय म्हणाले?’ एवढेच विचारत राहतो. कर्करोगासारख्या आजारात तर ‘त्यांना सांगू नका’ ही कुटुंबाची विनंती उपचारांच्याही आधी येते. या विनंतीमागे बहुधा स्वार्थ नसतो, माया असते. आणि त्यामुळेच हा प्रश्न अधिक अवघड होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार न्यायालयीन निर्णय, जीवनाच्या अखेरचे उपचार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या संदर्भात केला आहे.

नातेवाइकाची सही

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिलेला निर्णय या संदर्भात मूलभूत ठरतो. खटल्यातील रुग्ण स्त्री वृद्ध नव्हती. तिचे वय ४४ वर्षे होते. १९९५ मध्ये तिने केवळ दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीच्या अमलाखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. रुग्ण सज्ञान व निर्णयक्षम असताना, तिच्या जीवाला तातडीचा धोका नसताना, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे आवश्यक होते. आईची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. तपासणीला दिलेला होकार हा शस्त्रक्रियेला दिलेला होकार नव्हे, हेही स्पष्ट केले.

हे तत्त्व आईऐवजी मुलगा आणि मुलीऐवजी वृद्ध पिता असे नाते असले तरी तसेच लागू पडते. संमती देण्याच्या अधिकाराला वयाची कमाल मर्यादा नाही. प्रत्यक्षात मात्र ऐकू कमी येणे, बोलणे सावकाश असणे किंवा इंग्रजी न समजणे यांनाच निर्णयक्षमतेचा अभाव समजले जाते. देयक भरणारा तोच निर्णय घेणारा, हा व्यवहार त्यात भर घालतो.

अरुणा शानबाग ते वैद्यकीय इच्छापत्र

रुग्णाला बोलताच येत नसेल तर काय, हा प्रश्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने चार दशके अनुभवला. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्यानंतर त्या कायमच्या अचेतनप्राय अवस्थेत राहिल्या. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणास तत्त्वतः मान्यता मिळाली, परंतु अरुणा यांच्या बाबतीत विनंती फेटाळली गेली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेचा नसून वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. रक्ताच्या नात्यापेक्षा सेवेच्या नात्याला दिलेले हे महत्त्व निर्णयाइतकेच विचारात घेण्याजोगे आहे. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. स्वतः अरुणा यांना काय हवे होते, याचा एकही लेखी शब्द उपलब्ध नव्हता.

ही उणीव भरून काढणारी तरतूद ‘कॉमन कॉज’ प्रकरणातील ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निर्णयाने झाली. बरे होण्याची आशा उरली नाही आणि निर्णयक्षमता गेली, तर कृत्रिम उपाय चालू ठेवू नयेत, असे वैद्यकीय इच्छापत्र आधीच करून ठेवता येऊ लागले. त्या वेळची कार्यपद्धती मात्र इतकी क्लिष्ट होती की हक्क कागदावरच राहिला : इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही, जिल्हाधिकाऱ्यामार्फत दुसरे वैद्यकीय मंडळ, पुन्हा दंडाधिकाऱ्याची भेट. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत; प्रत्येकी तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे आहे.

इच्छापत्र सुरक्षित ठेवण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने अभिरक्षक नेमणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. गोव्यात मे २०२४ मध्ये तत्कालीन गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवले. न्यायमूर्तींना जे सुलभ आहे ते तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विधवेला कितपत सुलभ आहे, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. मध्यरात्री अतिदक्षता विभागात हजर असतो तो मुलगा; इच्छापत्र कपाटात असते.

संगणकप्रणालीला न दिसणारा रुग्ण

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत यंत्र चुकले तर जबाबदार कोण, या प्रश्नावर बराच भर दिला जातो. यंत्र कोणाला पाहतच नाही, हा प्रश्न वृद्धांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अमेरिकेतील रुग्णालयांत वापरात असलेल्या एका प्रणालीची तपासणी केली होती. कोणत्या रुग्णाला जादा देखरेखीची गरज आहे हे ती प्रणाली त्याच्यावरील अपेक्षित वैद्यकीय खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत असल्याने ते प्रणालीला कमी आजारी वाटत. हा दोष दूर केल्यास जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले.

आपल्याकडे गुडघेदुखी, मोतीबिंदू, वाढलेला रक्तदाब ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ म्हणून अंगावर काढणाऱ्या वृद्ध स्त्रियांची संख्या थोडी नाही. त्यांच्या नावावर केसपेपर नाही, देयक नाही, विम्याचा दावा नाही. खर्चाच्या नोंदींवरून शिकणारी प्रणाली त्यांना निरोगी ठरवील. घरात ज्यांचे म्हणणे विचारले गेले नाही, त्यांची नोंद विदासंचातही नसणार.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णाची स्वायत्तता, मानवी देखरेख आणि उत्तरदायित्व यांचा समावेश आहे. परंतु ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत, कायदा नव्हे. शिवाय रुग्ण जगण्याची शक्यता अमुक टक्के, असा आकडा प्रणालीने दिल्यास तो कोणापुढे ठेवायचा, हे रुग्णालयाच्या प्रचलित सवयीवरच ठरण्याचा संभव आहे. तो आकडा मुलाला सांगितला गेला आणि वडिलांना नाही, तर समीरा कोहली प्रकरणातील आक्षेप तेथेही लागू होतो. अशा प्रणाली विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी आपल्या संमतिपत्रात रुग्णाच्या सहीसाठी वेगळी जागा, त्याला समजेल अशा मराठीत दिलेली माहिती आणि वैद्यकीय इच्छापत्र आहे काय, हा एक प्रश्न समाविष्ट करणे शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.