डोक्यावरचं लाकूड, पायाखालचं लाकूड

कागलला मामांच्या माडीवर आडवं झालं की वर कडीपाट दिसायचा. सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या, आणि बहुतेक फळ्यांत एखादी तरी गाठ. झोप लागेपर्यंत मी त्या गाठी मोजायचो. एकीसारखी दुसरी कधी सापडली नाही. आमच्या भागातल्या जुन्या घरांत लाकूड असं डोक्यावर असायचं. पायाखाली शेणानं सारवलेली माती, पुढे शहाबादी फरशी. कडीपाटाच्या वरही माती चोपूनच माडीची जमीन केलेली असायची.

अनवाणी पायांनी लाकडावर मनसोक्त चाललो तो शाळेच्या स्नेहसंमेलनात, कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचावर. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. माझ्या तळव्यांना मात्र ते लाकूड अजून आठवतं, आणि लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्सचं माझं वेड तिथूनच आलं असावं. गेली बारा-तेरा वर्षं नात्यागोत्यात कुणाचं घर निघालं की फरशी निवडायला मी बरोबर असतो.

मग खरंच लाकूड का घालू नये? कोल्हापुरात याचं उत्तर पंचगंगा देते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूर आला की पहिल्यांदा घरं सोडावी लागणाऱ्यांत सुतारवाडा असतो. सुतारांच्या नावाची वस्ती, आणि तिथंच लाकडाची जमीन टिकायची नाही! लाकडाच्या भुश्शाचं लॅमिनेट तर पाणी प्यालं की कडेनं फुगतं, आणि मग त्याला इलाज नाही. पूर न येणाऱ्या भागातही चार महिन्यांची ओल आणि वाळवी आहेच. व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. गाळ काढला, धुतली, पुसली की झालं.

या टाइल्स बहुतेक गुजरातेतल्या मोरबीहून येतात. माती दाबून पाटी करायची, तिच्यावर लाकडाचं चित्र शाईच्या फवाऱ्यानं छापायचं, साधारण बाराशे अंशांवर भाजायची. कारखान्याची हकीकत एवढ्यावर आटोपतो, कारण खरी गंमत त्या छापलेल्या चित्रात आहे.

प्रत्येक टाइलवरचं चित्र वेगळं नसतं. ठरावीक चित्रं आलटूनपालटून येतात, दुकानदार त्यांना ‘फेस’ म्हणतात. कुणाच्या डिझाइनला चार फेस, कुणाच्या दहा-बारा. दहा बाय पंधराची खोली धरा. २०० बाय १२०० मिलिमीटरची एक पट्टी २.५८ चौरस फूट भरते, म्हणजे साधारण ५९ पट्ट्या लागतात. चारच फेस असतील तर एकच गाठ त्या खोलीत पंधरा वेळा दिसणार. बारा असतील तर पाच वेळा. डोळा फार हुशार असतो. पहिल्या दिवशी कळत नाही, पण आठवड्यानं सोफ्यावर बसल्या बसल्या ती जुळी गाठ सापडते आणि मग दुसरं काही दिसेनासं होतं. म्हणून दुकानात भिंतीवर टांगलेला नमुना पाहून मी कधीच होकार देत नाही. ‘किती फेस?’ हा माझा पहिला प्रश्न, दराचा दुसरा. चार-पाच खोकी फोडून पट्ट्या जमिनीवर मांडायला लावतो. ठळक गाठींचं डिझाइन असेल तर फेस जास्तच हवेत; कमी फेस असतील तर बारीक, शांत रेषांचं घ्यावं. पट्टी उलटी फिरवली की तोच फेस थोडा वेगळा दिसतो, हाही एक उपाय.

दुसरी गोष्ट सांध्यांची. आमच्या स्वतःच्या पहिल्या खोलीत विटांसारख्या, अर्ध्या-अर्ध्यावर सांधे धरून पट्ट्या बसवल्या. दिसायला छान, पण अनवाणी चाललं की बोटांना कडा लागायच्या. सहा वर्षं त्या कडा सोसल्या. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं उलगडा केला : “लांब पट्टी मधी पोटाला फुगलेली असत्या. अर्ध्यावर लावली की हिच्या पोटाशेजारी तिची कड येती. तिसऱ्या हिश्श्यावर सरकवा.” भट्टीत लांब पट्टीला किंचित बाक येतो, तो असा. आता मी दोन पट्ट्या तोंडाला तोंड लावून फट बघतो आणि सांधा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सरकू देत नाही.

शोरूममध्ये चपला काढून चालून बघा, हा माझा आग्रह. उंबऱ्याबाहेर चपला काढणारी माणसं आपण. फरशी डोळ्यांइतकीच तळव्यांनीही निवडायला हवी. चकचकीत लाकूड मला खोटं वाटतं, मॅटच घ्यावं. फार खोल रेघांचं मात्र नको, पावसाळ्यात चिखल त्यात बसतो. सांध्यांत भरायचं ग्राउट पट्टीपेक्षा एक छटा गडद घ्या, पांढरं महिन्याभरात काळवंडतं. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा ठेवाच. पट्ट्या खिडकीतल्या उजेडाच्या दिशेनं लांब जाऊ द्या, सांध्यांच्या सावल्या पडत नाहीत. खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का ते आधी तपासा, नाहीतर शेवटची पट्टी भिंतीपाशी निमुळती होते. तुटफूट धरून दहा टक्के जास्त, म्हणजे वरच्या खोलीला ५९ऐवजी ६५, आणि सगळी खोकी एकाच बॅचची. पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या नव्या घरी सिमेंटला हात लावण्याआधी आख्ख्या हॉलभर पट्ट्या नुसत्या मांडल्या. मिस्त्री, भाची, तिची सासू आणि मी, चौघं गुडघ्यांवर बसून जुळ्या गाठी शोधत होतो. सासूबाईंना दारासमोरच दोन सापडल्या, अगदी शेजारी-शेजारी. त्यातली एक उचलून दिवाणाखाली जाणाऱ्या कोपऱ्यात नेली. संध्याकाळपर्यंत अशा अकरा पट्ट्यांच्या जागा बदलल्या. मग मिस्त्रीनं प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं आकडा घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट कालवायला घेतलं.