समाजाच्या अ‍ॅपमध्ये काय भरावं आणि काय भरू नये



आपल्या समाजाचं एक मोबाईल अ‍ॅप असावं, त्यात तेफिला, कीर्तनं, मलिद्याचा विधी, सणांचे दिवस आणि सभासदांचे पत्ते-फोन सगळं एका जागी मिळावं, असं कोणालाही वाटेल. कल्पना चांगलीच आहे. पण हे सगळं एकाच पेटीत भरायचं नसतं. का, ते साध्या भाषेत सांगते.

भरलेली पेटी म्हणजे काय?

काही अ‍ॅप्स दर वेळी इंटरनेटवरून माहिती मागवतात. नेट नसलं की पडदा कोरा. दुसरी अ‍ॅप्स माहिती सोबतच घेऊन येतात. वॉर्डात इमर्जन्सी ट्रे आधीच भरून ठेवतो ना, तसंच. ऐन वेळी स्टोअरकडे धावायला नको.

ही माहिती बहुतेक वेळा एसक्यूलाइट पद्धतीच्या एकाच फाईलमध्ये ठेवतात. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली ते तयार केलं आणि सर्वांना फुकट दिलं. आज ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असतं. अ‍ॅप बनवणारा फाईल भरून अ‍ॅपच्या पॅकेटात घालतो. पॅकेटातली फाईल नुसती वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. लिहायचीही सोय हवी असेल तर अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच तिची एक प्रत फोनमध्ये काढून घेतं आणि पुढे तीच वापरतं.

इथे एक गोम आहे. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली तरी ही जुनी प्रत आपोआप बदलत नाही. म्हणून औषधाच्या बाटलीवर तारीख असते तसा फाईलवर आवृत्तीचा नंबर हवा, आणि अ‍ॅपने तो तपासायला हवा. पण जुनी फाईल सरसकट पुसली, तर घरच्यांनी त्यात टिपून ठेवलेल्या पुण्यतिथीच्या तारखाही जातील. यावर उपाय सोपा आहे: समाजाची माहिती एका फाईलमध्ये, घरच्या नोंदी दुसऱ्या फाईलमध्ये.

काय भरावं?

जे सगळ्यांसाठी सारखं आहे आणि क्वचित बदलतं, ते. प्रार्थना, कीर्तनांचे शब्द, मलिद्याची पद्धत, सिनेगॉगांचा इतिहास. शब्बाथच्या दिव्यांची वेळ मात्र मुंबईच्या तक्त्यावरून भरू नये. मुंबईत सूर्य वर्षभर साधारण सहा ते सव्वासातच्या आसपास मावळतो. बर्लिनमध्ये डिसेंबरात चारच्या आत मावळतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊला. ही वेळ अ‍ॅपने गावाप्रमाणे हिशेब करून काढावी.

काय भरू नये?

माणसांची नावं, पत्ते, फोन. अ‍ॅपचं पॅकेट म्हणजे एक प्रकारची झिप फाईल. ज्याने अ‍ॅप उतरवून घेतलं, त्याच्याकडे आतली फाईलही गेली, आणि जाणकाराला ती उघडता येते. कुलूप लावलं तरी किल्ली त्याच पॅकेटात द्यावी लागते, मग उपयोग काय? शिवाय एकदा वाटलेली यादी परत घेता येत नाही.

इथे जर्मनीत याद्यांचा विषय हलका नाही. १७ मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येक घराला एक जादा कार्ड भरायचं होतं. आजी-आजोबा चौघांपैकी कोण ज्यू होतं, हा त्यावरचा प्रश्न. बंद लिफाफ्यात द्या, असं सांगितलं होतं. लिफाफा बंद असला तरी तो शेवटी सरकारकडेच जात होता, आणि ते सरकार कोणाचं होतं हे आपण जाणतोच.

युद्धानंतरचा जर्मनी याबाबत सावध झाला. जगातला पहिला माहिती-संरक्षण कायदा १९७० मध्ये इथल्याच हेसन राज्याने केला. १५ डिसेंबर १९८३ ला कार्लस्रूहेच्या घटनात्मक न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात सांगितलं, की आपली माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या नियमांत तर धर्माची माहिती खास जपण्याच्या गटात आहे. नुसत्या समाजाच्या यादीत नाव असलं, तरी तेवढ्याने माणसाचा धर्म कळतोच.

चांगलं उदाहरणही इथलंच आहे. १६ जून २०२० ला कोरोना-वॉर्न-अ‍ॅप आलं. कोण कोणाच्या जवळ आलं याची नोंद प्रत्येकाच्या फोनमध्येच, नावाशिवाय, आकड्यांच्या रूपात राहायची आणि १४ दिवसांनी पुसली जायची. बाधितांचे आकडे सगळ्या फोनवर यायचे आणि जुळवणी फोनच करायचा. कोणाचीही यादी एका जागी जमली नाही, तरी इशारा मिळायचाच.

तेव्हा आपल्या कमिटीपुढे अ‍ॅपचा विषय आला, तर प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावा: ही माहिती उद्या अगदी अनोळखी माणसाच्या हातात पडली तर चालेल का? चालत असेल तर खुशाल भरा. नसेल तर ती कमिटीच्या वहीतच राहू द्या, आणि ज्याला हवी त्याने फोन करून विचारावी.