रात्रीची लाइट, बिबट्या आणि विजेचं गणित



जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही शाळेत सकाळी पहिल्या तासाला दोन-तीन मुलं पेंगताना दिसतात. "रात्री झोपला नाहीस का रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "बाई, रात्रीची लाइट होती. पप्पा दारं धरायला गेलेले. ते येईस्तोवर आई जागीच होती, मग मी पण." आपल्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. बिबट्यांसाठीचं निवारा केंद्र तर आपल्या माणिकडोहलाच आहे. त्यामुळे बापाची बॅटरी उसाकडे गेली की घरात कुणाला झोप लागत नाही.

मग मुलं विचारतात, "लाइट रात्रीच का देतात? दिवसा का नाही देत?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधण्यात अभ्यासकांची हयात गेली आहे. या अभ्यासाला ऊर्जा प्रणालींचं विश्लेषण म्हणतात. नाव जड असलं तरी काम आपल्या गुणाकार-भागाकाराच्या जवळचं आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना ते कसं समजावता येईल, ते बघू.

वीज रात्री का येते?

मुलांना आधी एक गोष्ट सांगा. धान्य कणगीत भरून ठेवता येतं, पाणी टाकीत साठवता येतं, पण तारेतली वीज तशी साठत नाही. ज्या क्षणी आपण बटण दाबतो त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. बॅटरीत साठवता येते, पण अख्ख्या तालुक्याचे पंप चालवायचे तर तो खर्च फार मोठा होतो.

सगळे एकाच वेळी बटण दाबत नाहीत. सकाळी गिझर आणि मिक्सर, दिवसा कारखाने आणि ऑफिसं, संध्याकाळी घराघरात दिवे, पंखे, टीव्ही. मध्यरात्रीनंतर ही मागणी उतरते. पण कोळशाचं वीजकेंद्र म्हणजे घरातला गॅस नव्हे की रात्री बंद केला आणि सकाळी पेटवला. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या ठिकाणचे मोठे संच रोज थांबवणं-चालू करणं परवडत नाही. रात्रीची ही शिल्लक वीज द्यायची कुणाला? ज्याचं काम कुठल्याही वेळी चालेल त्याला, म्हणजे शेतीच्या पंपाला. म्हणून पाळ्या ठरल्या. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. कागदावर हे गणित बरोबर होतं. पण त्यात बिबट्या, साप, थंडी आणि जागी राहिलेली आई यांना रकाना नव्हता.

हिशेब तपासणारी माणसं

पुण्यात 'प्रयास' नावाची संस्था आहे. तिच्या ऊर्जा गटाच्या संस्थापकांपैकी गिरीश संत हे आयआयटी मुंबईत शिकलेले अभियंते होते. 2012 साली ते अकाली गेले. 1990च्या दशकात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पावरून राज्यात रान उठलं होतं, तेव्हा या गटाने घोषणांऐवजी आकडे मांडले. या करारातली वीज किती महाग पडेल आणि तिचा बोजा कुणावर येईल, याचं विश्लेषण त्यांनी 1995 साली प्रसिद्ध केलं. पुढे 2001 साली महाग विजेच्या वादातच तो प्रकल्प बंद पडला.

याच गटाने शेतीपंपांचाही अभ्यास केला. मीटर नसलेले पंप खरोखर किती वीज खातात, अनुदानाचा फायदा नेमका कुणाला होतो, चांगले पंप वापरले तर किती वीज वाचेल, हे प्रश्न त्यांनी विचारले. नंतर त्यांनी ठिकठिकाणच्या घरांत प्लगला लावायचं एक छोटं यंत्र बसवलं. ते यंत्र दर मिनिटाला विजेचा दाब नोंदवतं. लाइट किती वाजता गेली, कधी आली, दाब किती कमी होता, याचा पुरावाच तयार होतो. "आमच्याकडे लाइट नसते" ही तक्रार झाली. "मंगळवारी सहा ते साडेनऊ नव्हती" ही नोंद झाली. हा फरक मुलांना जरूर सांगा, कारण अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते.

दिवसा वीज द्यायची कशी?

आपल्या गावात आता बहुतेक ठिकाणी घरांची लाइन वेगळी आणि शेतीची लाइन वेगळी आहे. शेतीच्या लाइनीला शेतीचा फीडर म्हणतात. अभ्यासकांनी विचार केला की हे सगळे पंप एकाच लाइनीवर आहेत आणि पंपाला दिवसाच वीज हवी आहे, तर त्या सबस्टेशनजवळच सौर प्रकल्प का बसवू नये? 'प्रयास'च्या अभ्यासकांनी ही कल्पना सातत्याने मांडली. राज्य सरकारने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. केंद्राच्या 2019च्या कुसुम योजनेतही पुढे फीडरला सौर वीज जोडायचा भाग आला. 2023 पासून राज्याच्या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला.

आता फळ्यावर हे गणित मांडा.

एक एचपी म्हणजे 746 वॅट. पाच एचपीचा पंप म्हणजे 3,730 वॅट, सोयीसाठी पावणेचार किलोवॅट धरू. (प्रत्यक्षात मोटार थोडी जास्तच वीज ओढते.) असे 100 पंप एकदम चालले तर 375 किलोवॅट लागतील. आठ तास चालले तर 375 × 8 = 3,000 युनिट.

आपल्याकडे एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण 16 लाख युनिट वीज देतो. 365ने भागलं की दिवसाला सुमारे 4,400 युनिट होतात. म्हणजे 3,000 युनिटसाठी साधारण 700 किलोवॅटचा प्रकल्प हवा. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते, म्हणून आपल्याला तीन-साडेतीन एकर पुरेल.

मुलं म्हणतील, "झालं की मग!" तिथे त्यांना थांबवा. खरं विश्लेषण इथून पुढे आहे. पुढचे प्रश्न विचारा.

सकाळी आठला ऊन कोवळं असतं, मग पंप पूर्ण चालतील का? नाही. तेवढी कमी पडलेली वीज मुख्य जाळ्यातून घ्यावी लागेल. दुपारी बारा वाजता पंपांना लागते त्यापेक्षा जास्त वीज झाली तर? ती जाळ्यात जाईल आणि दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा? तेव्हाही तसंच. आणि एप्रिल-मे महिन्यात सगळेच पाण्यासाठी धावतात तेव्हा? तेव्हा सरासरी कामाला येत नाही, त्या महिन्याचा वेगळा हिशेब लागतो. वर्षाची सरासरी बरोबर आली म्हणजे रोजचा हिशेब जमला असं नसतं, हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

पैशाचंही गणित घ्या. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आणि दरवर्षी त्यात 3 टक्के वाढ ठरली आहे. एकराला किती पडतात? दुसऱ्या वर्षी किती होतील? शेकडेवारी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आपल्या तालुक्यांची ऊर्जा

मुलांना नकाशा काढायला लावा. डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या पायथ्याशी लहान जलविद्युत केंद्रं दाखवा. ती धरणातून पाणी सुटतं तेव्हाच चालतात. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज करतात, मुख्यतः गाळपाच्या हंगामात. ऊन दिवसा मिळतं, पावसाळ्यात कमी. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. या वेळा एकमेकांशी जुळवणं म्हणजेच नियोजन.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. दिवसा वीज मिळाली म्हणून बिबट्या जाणार नाही. ऊस आहे तोवर त्याला आडोसा आहे, आणि दिवसाही माणसाला सावध राहावं लागतं. शिवाय दिवसा भरपूर वीज आली म्हणून विहिरी जास्त उपसल्या तर पाणी खाली जाईल. गायरानावर पॅनल बसवले तर गुरांच्या चराईचा प्रश्न उभा राहील. हे प्रश्नही त्याच वहीत लिहायला हवेत. पण अंधारात उसाच्या कडेने एकट्याने जाणं टळलं, तरी ते थोडं नाही.

वर्गात करून बघा

आठवडाभर प्रत्येक मुलाने लाइटची वही ठेवायची. तारीख, शेतीची लाइट आली ती वेळ, गेली ती वेळ, आणि घरातलं कोण शेतावर गेलं होतं. शनिवारी सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून स्तंभालेख काढायचा. पालकांनो, तुम्हाला एकच विनंती. वेळा अंदाजाने सांगू नका, मोबाइलमध्ये बघून सांगा. पोरांना तेवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

कोण शेतावर गेलं होतं, हा रकाना मात्र गाळू नका. पूर्वीच्या हिशेबात तोच राहून गेला होता.