निर्जीव सुरुंगांची साक्ष

दुसऱ्या महायुद्धांतील रणगाडाविरोधी सुरुंग जमविण्याचा छंद ऐकणारास प्रथम विलक्षण वाटतो. परंतु ज्याच्या पोटांतील स्फोटक द्रव्य व फ्यूज जाणत्यांनीं काढून टाकलेले आहेत, असा सुरुंग म्हणजे नुसता पोकळ डबा होय. आणि त्याची घडण वाचतां आली, तर पेरणारा व उकरणारा यांच्यांतील झुंजीचा इतिहास तो सांगूं लागतो.

१९१६ सालीं रणगाडा रणांगणावर आला, तेव्हां त्याला अडविण्यासाठीं जर्मनांनीं प्रथम तोफेचे गोळेच जमिनींत पुरले. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचा ‘टेलरमाइन’ पुढें आला. ‘टेलर’ म्हणजे जर्मन भाषेंत बशी. तसाच तो चपटा, वाटोळा, सुमारें एक फूट व्यासाचा असे, आणि त्यांत सुमारें साडेपांच किलो टी. एन. टी. भरलेलें असे. माणसाच्या पावलानें तो सहसा उडत नसे. वाहनाच्या भारानें उडे.

१९४२ सालीं इजिप्तमधील अल अलामेन येथें रोमेलच्या सैन्यापुढें लाखों सुरुंगांचे पट्टे पसरले होते. ब्रिटिशांच्या हातीं पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनीं योजिलेलें सुरुंगशोधक यंत्र होतें. जमिनींत धातु असल्यास तें कानांत सूचना देई. अशा यंत्रांस तोड म्हणून जर्मनांनीं पुढें लाकडाच्या लगद्याचें कवच व कांचेचा फ्यूज असलेला ‘टोफमाइन’ काढला. टेलरमाइनच्या बाजूस व तळाशीं तर जादा फ्यूजांसाठीं छिद्रेंच असत. त्यांत बसविलेला फ्यूज सुरुंग उचलणाऱ्याचाच घात करी. संग्रहांतील नमुन्यावर हें लहानसें छिद्रच सर्वांत बोलकें आहे.

त्या उकरणाऱ्यांत आपलेही लोक होते. पुण्याजवळील खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या एकविसाव्या फील्ड कंपनींतील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनीं १९४१ सालीं इथिओपियांत चार दिवस, ५५ मैलांच्या वाटेवर, १५ सुरुंगक्षेत्रें मोकळीं करविलीं. दोनदां त्यांची गाडी उडाली, एका कानाचा पडदा फाटला. तरीही त्यांनीं विश्रांति नाकारली. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्ध संपलें, तरी पेरलेलें संपलें नाहीं. डेन्मार्कमधील स्कालिंगेन हा द्वीपकल्प २०१२ सालीं सुरुंगमुक्त झाला; इजिप्तच्या वाळवंटांत मात्र सुरुंग अजून उरले आहेत. म्हणून जाणता संग्राहक जमिनींत सांपडलेल्या वस्तूस हात लावीत नाहीं. तो तज्ज्ञांस बोलावतो, आणि निर्जीव असल्याची त्यांनीं खात्री दिल्यावांचून कोणताही नमुना घरांत आणीत नाहीं.