सीमेवरची नावं : लेखांक ६ – महादेवी

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दुधनी सोडली की थोड्याच वेळात कर्नाटक सुरू होतो. अक्कलकोट तालुक्यातल्या या गावात घरात कन्नड आणि कचेरीत मराठी हे रोजचंच आहे. इथल्या बायकांच्या नावांत एक नाव हमखास भेटतं, ते म्हणजे महादेवी. पुण्या-नाशिककडे महादेव पुष्कळ सापडतील, पण मुलीचं नाव ठेवायची वेळ आली की तिकडे पार्वती, गिरिजा, गौरी ही नावं पुढे येतात. मग सीमाभागातच महादेवी एवढी घरची कशी झाली?

शब्द संस्कृत आहे. महादेवी म्हणजे शिवाची पार्वती, आणि शाक्तांच्या लेखी सर्व देवींचं मूळ रूप. मात्र माणसांच्या जगात हा शब्द प्रथम ठळक दिसतो तो पदवी म्हणून. राजाच्या राणीला, विशेषतः पट्टराणीला, महादेवी म्हणत. समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखात त्याची आई कुमारदेवी हिचा उल्लेख याच पदवीने येतो. बागलकोट जिल्ह्यातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याच्या राणीने, लोकमहादेवीने, उभारलं. शेजारचं मल्लिकार्जुन मंदिर त्याच राजाची दुसरी राणी त्रैलोक्यमहादेवी हिचं. तमिळ देशात दहाव्या शतकातली चोळ राणी सेंबियन महादेवी वैधव्यानंतर कित्येक वर्षं जुनी मंदिरं दगडात नव्याने बांधून घेत राहिली. श्रीलंकेत दुट्ठगामणी राजाची आई विहारमहादेवी आजही लोकांच्या ओठांवर आहे. कोलंबोतलं मोठं उद्यान तिच्याच नावाचं आहे. या साऱ्या कर्तबगार स्त्रिया होत्या. तरीही त्यांना महादेवी म्हटलं गेलं ते राजघराण्यातल्या स्थानामुळे.

बाराव्या शतकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या उडुतडी गावच्या एका मुलीमुळे या नावाचा अर्थच पालटला. ती अक्कमहादेवी. तिथला राजा कौशिक तिच्यावर लुब्ध झाला. तेराव्या शतकातला कवी हरिहर म्हणतो की तिने अटी घालून लग्न केलं आणि त्या मोडल्यावर ती बाहेर पडली. पुढचा कवी चामरस म्हणतो की लग्न झालंच नाही. राजवाडा तिने नाकारला, यावर मात्र परंपरेत दुमत नाही. ती कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला आली. तिथे अनुभवमंटपात, म्हणजे शरण म्हणवणाऱ्या शिवभक्तांच्या सभेत, सभेचे प्रमुख अल्लमप्रभू यांनी तिला तिचा पती कोण असं विचारलं, तेव्हा तिने चन्नमल्लिकार्जुनाचं, म्हणजे शिवाचं, नाव सांगितलं. हा संवाद ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात आला आहे. तेच नाव तिच्या चारशेहून अधिक वचनांत, म्हणजे छोट्या भक्तिरचनांत, तिची खूण किंवा मुद्रा म्हणून येतं. शरणांनी तिला अक्का, म्हणजे थोरली बहीण, मानलं. पुढे ती श्रीशैलाच्या कर्दळीवनात गेली.

राणीपद झुगारणाऱ्या बाईच्या नावात राणीची पदवी होती आणि लोकांनी पुढे आपल्या लेकींना ते नाव दिलं ते तिच्याकडे पाहून. राणीची पदवी राजघराण्यापुरतीच होती. अक्काचं नाव मात्र शेतकऱ्याच्या, विणकराच्या, मजुराच्या मुलीलाही लाभलं. सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्याच शरण परंपरेतले वचनकार, त्यामुळे दुधनीच्या लिंगायत घरांना अक्का परकी कधीच नव्हती.

रोजच्या बोलण्यात ‘ह’ गळून मादेवी होते. वडीलधारी असेल तर महादेवव्वा, मराठी शेजारणीच्या तोंडी महादेवीबाई. कन्नड लिपीत शेवटची वेलांटी ऱ्हस्व, मराठीत दीर्घ. तमिळमध्येही उच्चार मादेवीकडेच झुकतो. कर्नाटकात म्हैसूरकडे महादेवम्मा ऐकू येते. हिंदीत हे नाव महादेवी वर्मांनी (१९०७–१९८७) घरोघरी पोचवलं. त्यांच्या कुटुंबात अनेक पिढ्यांनी मुलगी झाली म्हणून आजोबांनी तिला देवीचा प्रसाद मानून हे नाव ठेवलं, असं सांगतात. १९८२ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. कन्नड मुलखात माते महादेवी (१९४६–२०१९) या लिंगायतांच्या जगद्गुरुपदावर बसल्या. विजयपूरला २००३ मध्ये स्थापन झालेलं महिला विद्यापीठही आज अक्कमहादेवींच्या नावाने ओळखलं जातं.

अशा नावाला कागदोपत्री नीट जागा मिळायला हवी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. दुधनीत जिच्या आईचं नाव महादेवी, त्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर ते वडिलांच्या नावाआधी येईल. नोंद करताना ‘मादेवी’, ‘महादेवि’, ‘महादेवी’ अशी तीन रूपं तीन कागदांवर पडू देऊ नयेत. नाहीतर पुढे त्याच मुलीला हेलपाटे घालावे लागतात. घरी हाक कोणतीही मारा, कागदावर मात्र आईला विचारून, ती सांगेल तसं एकच रूप लिहा.

पुढील लेखांकात : नीलम्मा.