कोंबड्यांची गादी शेतातूनच

पिल्लांची गाडी येण्याआधी पोल्ट्रीची शेड धुऊन, चुना मारून वाळवतात आणि मग जमिनीवर २ ते ३ इंच तूस पसरतात. पुढचे जवळपास सहा आठवडे ब्रॉयलर कोंबडी याच गादीवर वाढते. तिच्या विष्ठेत निम्म्याहून जास्त पाणी असते. ते शोषून परत वाऱ्यावर सोडायचे, हे गादीचे काम.

भाताच्या तुसाला हे छान जमते. ते हलके असते, लवकर सुकते आणि त्यातल्या सिलिकामुळे चटकन कुजत नाही. पण भातगिरण्या भोर-मावळकडे आणि सातारा जिल्ह्यातला खंडाळा तालुका ज्वारी-बाजरीचा, कांद्याचा. शिवाय कारखान्यांचे बॉयलरही तुसावर चालतात, त्यामुळे पोल्ट्रीवाल्याला ते विकतच आणावे लागते.

मग शिवारातले काय चालेल? भुईमुगाची टरफले चालतात. अमेरिकेत भुईमूग पिकवणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांत ती वापरतातच. सोयाबीनचे भुसकट, भरडलेली मक्याची बुरकुंडे, उसाचे पाचटही चालते. पाचट मात्र कुट्टी यंत्रातून इंचाहून बारीक करून घ्यावे लागते. लांब राहिले की विष्ठेबरोबर त्याची खपली धरते. कडबा मात्र गादीसाठी वापरूच नये. दुष्काळाची सवय असलेल्या या भागात तो जनावरांच्या तोंडचा घास आहे.

खरी परीक्षा ओलाव्याची. मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा क्षणभर टिकून भुसभुशीत सुटला, तर ठीक. तसाच राहिला, तर पाणी जास्त झाले. अशा गादीतून अमोनिया सुटतो, पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, तळपाय सोलवटतात आणि रक्ती हगवणीच्या जंतूंना आयते घर मिळते. म्हणून पाणी पिण्याचे गळके निप्पल आधी दुरुस्त करावेत, गादी वरखाली करत राहावी, पडदे उघडून हवा खेळवावी.

बुरशी लागलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी शेडमध्ये नेऊ नये. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू फुप्फुसात गेले की पिल्ले चोच उघडून धापा टाकतात, आणि मग औषधाचा फारसा उपयोग होत नाही. या तालुक्यातच, शिरवळला, १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नवा माल वापरून पाहण्याआधी तिथल्या तज्ज्ञांना विचारून घेणे सोपे आहे.

बॅच निघाली की हीच गादी कोंबडी खत होऊन उसाच्या, कांद्याच्या रानात जाते. ताजे खत उष्ण पडते, मुळे करपवते. म्हणून ते ढीग लावून, पाणी मारून आधी कुजवतात.